दाब आणि मात्रा

३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाची रात्र सरून पहाटेचे चार वाजण्यास काही मिनिटे उरली असताना, लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरील मुलखात धरणी हादरली आणि दगडमातीच्या जाड भिंतींवर पिढ्यान्‌पिढ्या उभी असलेली माळवदाची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. किल्लारीचे नाव या भूकंपाला कायमचे चिकटले. परंतु त्या वेळी उमरगा तालुक्यात मोडणारे आणि आज लोहारा तालुक्यात असलेले सास्तूर, तसेच त्याच्या आसपासची खेडी यांच्यावर ओढवलेला प्रलय किल्लारीहून कमी नव्हता. सुमारे दहा हजार माणसे गेली. जी वाचली त्यांतील कित्येकांच्या मांडीची, कमरेची, पाठीच्या कण्याची हाडे मोडलेली होती, आणि ढिगाऱ्यातून उपसून काढलेल्या त्या जखमींना उमरगा, लातूर, सोलापूर अशा ठिकाणच्या रुग्णालयांकडे हलवावे लागले.

अशा जखमीला पाहताच वैद्याच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो हाड कोठे आणि कसे मोडले आहे हा. आणि त्याचे खात्रीचे उत्तर क्ष-किरणांच्या चित्रावाचून मिळत नाही. ते चित्र काढावयाचे तर सेकंदाच्या अल्पांशापुरता का होईना, पन्नास हजारांपासून लाख व्होल्टपर्यंतचा विद्युत्‌-दाब नलिकेच्या दोन टोकांमध्ये उभा करावा लागतो. ज्या मुलखात एरवीसुद्धा दोनशे तीस व्होल्टची वीज दिवसभर एकसारखी मिळण्याची शाश्वती नसते, तेथे लाख व्होल्ट मागणे ही साधी मागणी नव्हे. शिवाय हा दाब नुसता उत्पन्न करून भागत नाही; तो मोजूनमापून, ठरल्या क्षणापुरता आणि ठरल्या पातळीवर धरून ठेवावा लागतो, कारण दाब जेथे हाताबाहेर जातो तेथे रुग्णाच्या शरीरात उतरणाऱ्या किरणांची मात्राही हाताबाहेर जाते. क्ष-किरणांच्या सव्वाशेहून अधिक वर्षांच्या इतिहासाकडे पाहिले म्हणजे वीज काबूत आणण्याची खटपट आणि किरणांपासून माणसाला जपण्याची खटपट या दोन्ही बहुतांशी एकच होत्या असे दिसून येते, आणि हा इतिहास लोहाऱ्यासारख्या, तारेच्या शेवटच्या टोकावर वसलेल्या मुलखाला विशेष जिव्हाळ्याचा वाटावा असा आहे.

८ नोव्हेंबर १८९५ च्या संध्याकाळी जर्मनीतील व्युर्ट्‌स्‌बुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना काळ्या कागदात गुंडाळलेल्या नलिकेपासून काही अंतरावरचा लेपित पडदा उजळताना दिसला, तेव्हा त्यांच्या मेजावर दाब पुरविणारे साधन होते रुमकॉर्फचे वेटोळे. लोखंडी गाभ्याभोवती जाड तारेचे थोडे आणि त्यावर केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे घालावयाचे, जाड तारेतील प्रवाह एका थरथरत्या तुटकाने वारंवार तोडावयाचा, आणि प्रत्येक तुटीबरोबर बारीक तारेच्या टोकांना ठिणगी पाडण्याइतका दाब उत्पन्न करावयाचा, एवढीच त्याची रचना. दाब मोजण्याचे खात्रीचे मापक हाताशी नसल्याने ठिणगी किती लांब उडते यावरून यंत्राची ताकद सांगण्याचा प्रघात होता. राँटगेन यांनी आपल्या शोधाचे पेटंट घेतले नाही. त्यामुळे ज्याच्याजवळ वेटोळे आणि निर्वात नलिका होती तो प्रत्येक अध्यापक, डॉक्टर आणि हौशी कारागीर काही आठवड्यांच्या आत क्ष-किरणांचे चित्र काढू लागला. कलकत्त्यास प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बसू यांनीही आपल्या हातांनी अशी सामग्री जुळवून रुग्णांच्या कामी लावली.

हिंदुस्थानच्या भूमीवर या विद्येची पहिली मोठी कसोटी लागली ती वायव्य सरहद्दीवर. १८९७-९८ च्या तिराहच्या मोहिमेत सर्जन-मेजर बीव्हर यांनी क्ष-किरणांचे साहित्य डोंगराळ मुलखात नेऊन जखमी सैनिकांच्या शरीरांतील गोळ्यांचा ठाव घेतला. पुढच्याच वर्षी सुदानच्या वाळवंटात बॅटर्सबी या डॉक्टरांपुढे वीज कोठून आणावयाची हा प्रश्न पडला, तेव्हा दोघांनी चालविण्याच्या सायकलीला डायनामो जोडून, माणसांच्या पायांच्या बळावर विजेऱ्या भरून घेण्याची तजवीज त्यांनी केली. विजेच्या तारेपासून दूर असलेल्या रुग्णाजवळ उच्च दाब कसा न्यावयाचा हा प्रश्न म्हणजे काही आजचा नव्हे. तो क्ष-किरणांच्या जन्मापासून चालत आला आहे.

परंतु त्या आरंभीच्या नलिकांमध्ये एक भयंकर दोष होता. त्यांत थोडा वायू राखलेला असे, आणि वापरागणिक त्याचे प्रमाण बदलत जाई. त्यामुळे सकाळी ज्या नलिकेतून मवाळ किरण निघत तीच दुपारी प्रखर किरण टाकू लागे. प्रवाह वाढविला की दाब बदलावा आणि दाब बदलला की प्रवाह, अशी दोन्ही परस्परांत गुंतलेली असल्याने यंत्र चालविणाऱ्याच्या हाती खरे नियंत्रण असे काहीच नव्हते. मग आजचे किरण कसे आहेत हे ठरविण्यासाठी तो स्वतःचाच हात नलिका आणि पडदा यांच्यामध्ये धरी आणि हाडांची सावली किती ठसठशीत उमटते ते पाही. दिवसातून अनेकदा, वर्षानुवर्षे, हजारो डॉक्टर आणि कारागीर हेच करीत राहिले. प्रथम कातडी लाल होई, मग केस गळत, मग न भरणाऱ्या जखमा होत आणि अखेर त्या जखमांतून कर्करोग उद्‌भवे. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली हे दोन्ही हात गमावून १९०४ मध्ये मरण पावले, आणि एडिसन यांनी या किरणांचे काम सोडून दिले. अशा बळींच्या स्मरणार्थ १९३६ मध्ये हांबुर्ग येथे जो स्तंभ उभारण्यात आला, त्यावर आरंभी १६९ नावे कोरलेली होती. आपल्या देहाचेच मापक करून ज्यांनी ही विद्या पुढे नेली त्यांचे हे ऋण वैद्यकाने कधीही विसरू नये.

या अनागोंदीतून सुटका झाली ती वैद्यांच्या उपदेशाने नव्हे, तर वीजशास्त्रातील दोन सुधारणांनी. १९०७ मध्ये अमेरिकेतील होमर क्लाइड स्नूक यांनी थरथरते तुटक काढून टाकले. उलटसुलट वाहणाऱ्या विजेचा दाब रोहित्राने वाढवून, फिरत्या चकतीच्या साह्याने तिला एकाच दिशेने नलिकेत सोडणारे यंत्र त्यांनी बनविले. ते यंत्र मोठा कर्कश आवाज करी, परंतु त्याचा दाब वेटोळ्याच्या मानाने पुष्कळच भरवशाचा होता. १९१३ मध्ये विल्यम कूलिज यांनी टंगस्टनचा तापलेला तंतू असलेली, जवळजवळ पूर्ण निर्वात अशी नलिका सिद्ध केली. तंतू जितका तापेल तितके इलेक्ट्रॉन त्यातून सुटणार, म्हणजे किरणांचे प्रमाण तंतूच्या उष्णतेने ठरणार. आणि दोन टोकांतील दाब जितका असेल तितक्या वेगाने ते इलेक्ट्रॉन समोरच्या लक्ष्यावर आदळणार, म्हणजे किरणांची भेदकता दाबाने ठरणार. पूर्वी एकमेकांत अडकलेल्या या दोन गोष्टी कूलिज यांनी सोडवून वेगळ्या केल्या. आज कोणत्याही तालुक्याच्या गावी यंत्राच्या फळीवर दाबाचे ‘केव्ही’ आणि प्रवाहाचे ‘एमए’ अशी जी दोन स्वतंत्र बटणे दिसतात, त्यांचा उगम येथे आहे. आणि मात्रा ठरवून देणे हे त्या दिवसापासून शक्य झाले.

शक्य झाले, पण सोपे झाले नाही. रोहित्रातून निघणारी एककलेची वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते, आणि प्रत्येक आवर्तनात दाब शून्यापासून शिखरापर्यंत चढून पुन्हा शून्यावर येतो. यंत्रावर सत्तर हजार व्होल्टची खूण असली तरी तो आकडा केवळ शिखराचा. चढताना आणि उतरताना जो कमी दाबाचा काळ जातो त्यात निघणारे किरण इतके दुबळे असतात की ते शरीर भेदून पलीकडे पोहोचतच नाहीत. ते कातडीत आणि तिच्या लगतच्या मांसात जिरतात. चित्राला त्यांचा काडीचाही उपयोग नाही. रुग्णाच्या वाट्याला मात्र त्यांची सारी मात्रा येते. म्हणून नलिकेच्या तोंडाशी ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा बसवितात, आणि चाळणीने धान्यातला कोंडा निराळा करावा तसे हे दुबळे किरण तो पत्रा रुग्णापर्यंत पोहोचण्यापूर्वीच वेगळे काढतो. परंतु चाळण्यापेक्षा कोंडा मुळात कमी निपजणे अधिक चांगले. तीन कलांची वीज घेऊन एकदिशकारी झडपांची जोडणी केली असता दाबातील चढउतार सुमारे तेरा टक्क्यांवर आणि दुहेरी जोडणीने सुमारे चार टक्क्यांवर येतो. मोठ्या शहरांतील रुग्णालयांनी ही यंत्रे घेतली. खेड्यापाड्यांच्या वाट्याला मात्र दीर्घकाळ एककलेची यंत्रेच आली, म्हणजे एकाच चित्रासाठी ग्रामीण रुग्णाने शहरी रुग्णापेक्षा अधिक मात्रा सोसावी असा हा व्यवहार झाला.

मात्रा मोजण्याचे शास्त्रही याच सुमारास रुजत होते. किती किरण दिले हे कातडी किती लाल झाली यावरून सांगण्याचा जुना रिवाज होता. १९२८ मध्ये स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने हवेत उत्पन्न होणाऱ्या विद्युत्‌भारावरून मोजले जाणारे ‘राँटगेन’ हे एकक मान्य केले, आणि किरणांपासून संरक्षणाचे नियम घालून देणारी समितीही तेथेच स्थापन झाली. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयाने या शास्त्राला हक्काचे घर दिले. कर्करोगावर किरण सोडताना मात्रा थोडी कमी पडली तर रोग उरतो आणि थोडी अधिक झाली तर निरोगी मांस जळते. म्हणून त्या रुग्णालयात शल्यवैद्याच्या बरोबरीने भौतिकशास्त्रज्ञालाही स्थान मिळाले, आणि डॉ. रामय्या नायडू यांच्यासारख्यांनी ते काम आरंभिले. १९५४ मध्ये तुर्भ्यास अणुशक्ती केंद्र उभे राहिल्यावर किरणांजवळ काम करणाऱ्या माणसांच्या मात्रेची नोंद देशभर ठेवण्याची व्यवस्था तेथून होऊ लागली. आरंभी छातीवर फिल्मचा बिल्ला लावीत. १९७५ च्या सुमारास त्याची जागा डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन लहान चकत्यांच्या बिल्ल्याने घेतली. या चकत्या किरणांची शक्ती आपल्यात साठवून ठेवतात आणि तापविल्या की ती प्रकाशाच्या रूपाने परत देतात. त्या प्रकाशावरून तंत्रज्ञाने तीन महिन्यांत किती मात्रा घेतली याचा हिशेब निघतो. ज्या कारागिरांनी एके काळी स्वतःच्या हाताचे मापक केले होते, त्यांच्या वारसांना मिळालेले हे संरक्षण आहे.

मराठवाडा त्या वेळी या नकाशावर फारसा नव्हता. १९४८ पर्यंत निजामाच्या अंमलाखाली असलेल्या या मुलखातील लोहारा-उमरग्याच्या माणसाला मोठ्या दुखण्यासाठी हैदराबादचा दूरचा रस्ता धरावा लागे किंवा सरहद्द ओलांडून मुंबई इलाख्यातील सोलापूर गाठावे लागे. स्वातंत्र्यानंतर क्ष-किरण जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचविण्याचे मोठे श्रेय जाते ते क्षयरोगाविरुद्धच्या मोहिमेकडे. १९६२ च्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने जिल्हा क्षयरोग केंद्राची कल्पना मांडली, आणि पडद्यावर उमटलेले छातीचे चित्र लहान फिल्मवर टिपणारे यंत्र हे त्या केंद्राचे प्रमुख साधन ठरले. फिल्म लहान असल्याने खर्च वाचे. पण पडद्यावरील प्रकाशाचे चित्र घ्यावयाचे म्हणून नेहमीच्या छातीच्या एक्स-रेपेक्षा कितीतरी अधिक मात्रा द्यावी लागे. निरोगी माणसांच्या झुंडींची अशी सरसकट तपासणी करू नये, असे १९७४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने स्पष्ट सांगितले. थुंकीची तपासणी आधी आणि क्ष-किरण नंतर, हा क्रम पुढे रूढ झाला.

तालुक्याच्या रुग्णालयातील खोलीत मात्र जुनाच झगडा चालू राहिला. तेथील जुन्या यंत्राच्या फळीवर एक काटा असे आणि त्याखाली लाल खूण. प्रत्येक चित्रापूर्वी तंत्रज्ञाने मुठीएवढी कळ फिरवून काटा त्या खुणेवर आणावयाचा, मग रुग्णाला “श्वास रोखा, हलू नका” असे सांगून बटण दाबावयाचे, हा शिरस्ता. पण बाहेर शेतीपंपांची पाळी सुरू झाली की तारेतील दाब खाली येई आणि खुणेवर आणलेला काटा बटण दाबता दाबता घसरे. दोनशे तीसऐवजी एकशे ऐंशी व्होल्ट मिळाले तर नलिकेचा दाब त्याच प्रमाणात उतरतो. किरणांचे उत्पादन साधारणतः दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने ते तेवढ्यानेच साठ टक्क्यांवर येते. आणि तंतूही थंडावल्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही खाली जाते. डार्करूममध्ये धुतलेली फिल्म फिकी निघे, आणि पुन्हा एकदा रुग्णाला उभे करावे लागे. दुसऱ्या चित्राची मात्रा पहिलीत मिळविली म्हणजे लक्षात येते की गावाला वीज देणाऱ्या डीपीवरील ओझ्याचा भार शेवटी त्या माणसाच्या शरीरावर पडला. वीज मंडळाच्या दप्तरात याची नोंद व्होल्टेजची तक्रार म्हणून होईल. वैद्यकाच्या दप्तरात मात्र ती अनाठायी दिलेली मात्रा म्हणूनच व्हावयास हवी.

या कोंडीवर उपाय निघाला तोही पुन्हा वीजशास्त्रातून. विजेची खात्री नसलेल्या देशांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने साध्या क्ष-किरण यंत्राचा एक आराखडा तयार करविला. त्यात तारेतील वीज थेट नलिकेला न देता आधी विजेऱ्यांत साठवावयाची, आणि चित्र काढण्याच्या क्षणी ती हजारो आवर्तनांच्या विजेत पालटून रोहित्राला द्यावयाची अशी योजना होती. दाबाच्या मोजक्या ठरावीक पायऱ्या आणि नलिकेपासून फिल्मपर्यंत १४० सेंटिमीटरचे कायम अंतर ठेवून चुकीला वावच कमी केलेला होता. यातील मर्म असे की आवर्तने जितकी वाढवावीत तितका रोहित्राचा लोखंडी गाभा लहान करता येतो. पन्नास आवर्तनांना जेथे तेलाने भरलेली अवजड टाकी लागे, तेथे हजारो आवर्तनांना घागरीएवढी पेटी पुरते. आणि आवर्तने जलद असल्यामुळे दाबातील चढउतार इतका अल्प उरतो की शिखराचा आकडा आणि प्रत्यक्षातील दाब यांत फारसा फरक राहत नाही. शिवाय नलिकेवरील दाब क्षणोक्षणी मोजून, तो ठरल्या आकड्याखाली जाऊ लागताच यंत्र आपले आपण तो सावरते. काट्याकडे डोळे लावून बसण्याचे तंत्रज्ञाचे काम आता यंत्रातील विद्युत्‌-मंडलांनी अंगावर घेतले. दुबळे किरण कमी निपजतात, चित्र एका खेपेत उतरते, आणि शहरातील रुग्णाच्या मात्रेतच खेड्यातील रुग्णाचे काम भागते. ही समता कायद्याने आलेली नाही, ती विद्येने आणलेली आहे.

कायद्याचा बंदोबस्तही त्याच काळात झाला. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या आधारे १५ नोव्हेंबर १९८३ रोजी मुंबईत अणुऊर्जा नियामक परिषदेची स्थापना झाली. क्ष-किरणांच्या खोलीच्या भिंती आणि दारे किती जाड असावीत, नलिकेच्या आवरणातून किती किरण गळले तर चालतील, यंत्रावर दाखविलेला दाब आणि वेळ प्रत्यक्षाशी किती जुळावी, याचे दंडक तिने घालून दिले. किरणांजवळ काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टपेक्षा (मिलिसिव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या मात्रेचे एकक) अधिक आणि कोणत्याही एका वर्षी ३० पेक्षा अधिक मात्रा होता कामा नये. सामान्य नागरिकाला वर्षाला एक मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे. तपासणीसाठी आलेल्या रुग्णाला मात्र अशी ठरावीक मर्यादा लावलेली नाही, कारण त्याला मिळणारी मात्रा त्याच्याच हितासाठी असते. आणि म्हणूनच तिचे समर्थन करण्याची व ती कामापुरतीच ठेवण्याची जबाबदारी संपूर्णपणे डॉक्टरवर आणि तंत्रज्ञावर येते. चांगल्या यंत्रावर काढलेल्या छातीच्या एका एक्स-रेची मात्रा एक दशांश मिलिसिव्हर्टहून कमी असते, आणि निसर्गाकडून माणसाला वर्षाकाठी जगभरच्या सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच, हे लक्षात घेतले म्हणजे आवश्यक असलेल्या तपासणीस भिऊन नकार देण्याचे कारण उरत नाही. आवश्यक नसलेली तपासणी मात्र, ती कितीही थोड्या मात्रेची असली तरी, करू नये.

भूकंपानंतरच्या पुनर्वसनात लोहारा परिसरात नवी गावे वसली, सास्तूरला स्पर्श ग्रामीण रुग्णालय उभे राहिले, आणि लोहारा स्वतंत्र तालुका झाला. ७ डिसेंबर २०२४ पासून देशात सुरू झालेल्या क्षयरोगाच्या शंभर दिवसांच्या मोहिमेत तर हातात धरून नेण्याजोगी, विजेरीवर चालणारी क्ष-किरण यंत्रे वस्त्यांपर्यंत नेण्यात आली. सुदानच्या वाळवंटात सायकल चालवून जे साधावे लागले, ते आज काही किलो वजनाच्या पेटीत सामावले आहे. पण यंत्र सोपे झाले म्हणजे त्याचा वापर सैल होण्याचे भय वाढते. फिल्म अति काळी झाली तर जुन्या काळी चूक डोळ्यांना दिसे. अंकात्मक पडद्यावर अधिक मात्रेचे चित्र उलट अधिक स्वच्छ दिसते, आणि गरजेपेक्षा जास्त किरण देण्याची सवय कोणाच्याही ध्यानात न येता जडू शकते. म्हणून यंत्राचा दाब आणि वेळ नियमाने तपासून घेणे, प्रत्येक तपासणीच्या मात्रेची नोंद रुग्णाच्या कागदावर करणे, फुकट गेलेल्या प्रत्येक चित्राचे कारण लिहून ठेवणे, आणि तंत्रज्ञाच्या छातीवरील बिल्ला वेळच्या वेळी पाठविणे, ही कामे कारकुनी समजून मागे टाकता येणार नाहीत.

राँटगेन यांच्या वेटोळ्यापासून विजेरीच्या पेटीपर्यंतच्या या प्रवासात जेव्हा जेव्हा दाब अस्थिर राहिला, तेव्हा तेव्हा त्याची किंमत कोणीतरी आपल्या देहाने मोजली: आधी डॉक्टरांनी आणि कारागिरांनी, नंतर खेड्यांतील रुग्णांनी. ती किंमत टाळण्याची साधने आज उपलब्ध आहेत आणि ती आवाक्यातही आली आहेत. तारेच्या शेवटच्या टोकावरच्या रुग्णालयाला सर्वांत आधी उत्तम यंत्र आणि निर्दोष वीज देणे, जुने यंत्र तेथे ढकलून मोकळे न होणे, हे आरोग्यखात्याचे आणि वीजखात्याचे सामाईक कर्तव्य मानले गेले, तरच लोहाऱ्याच्या माणसाला या दीर्घ इतिहासातला त्याचा न्याय्य वाटा मिळाला असे म्हणता येईल.